रागवायचं नाव

आक्का, तुझ्या दहाव्याची पत्रिका मीच लावली. मालक म्हणाले, "ताई, आज राहू द्या, मी बसतो कॉम्प्युटरवर." म्हटलं, नको. तुमच्या हातून एखादा काना इकडचा तिकडे झाला तर ती बाई मला उभी सोलेल.  त्यांना वाटलं असणार, दुःखानं काहीतरी बरळतेय.

लग्न, बारसं, वास्तुशांत, दहावा, सगळ्या पत्रिका मी या नगरच्या प्रेसमध्ये बसून लावते. मजकूर ठरलेला असतो. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' इथून सुरू करायचं, नाव-गाव बदलायचं, कोपऱ्यात समई टाकायची. कुणाच्या जाण्यानं माझे हात थांबत नाहीत, पोटाचा धंदा आहे. तुझ्या वेळीही थांबले नाहीत. 'कै. धोंडाबाई' टाइप केलं, मधोमध घेतलं, मोठं केलं. मग लक्षात आलं, हे नाव मी दिवसातून दहादा तोंडानं घेते आणि आजवर एकदाही लिहिलेलं नाही. तिथं मात्र जरा वेळ बसून राहिले. मालकांनी चहा मागवला.

पत्रिकेच्या चौकटीत मावलं नाही ते इथं लिहितेय. तू वाचणार नाहीस, माहीत आहे. जिवंत असतानाही कुठं वाचायचीस? "वाचून दाखव" म्हणायचीस आणि दुसऱ्या ओळीला घोरायला लागायचीस.

नात्यानं तू माझी थोरली नणंद. पण सासूबाई लवकर गेल्या आणि तुझ्या भावाला तूच लहानाचं मोठं केलंस, त्यामुळे सासूपणाची जबाबदारीही तुझ्याकडे आली. ते काम तुला अजिबात जमलं नाही, आक्का. सुनेला धाकात ठेवायचं म्हणून राजूरहून एसटीनं यायचीस आणि येताना माझ्यासाठी करवंदं बांधून आणायचीस. लग्नानंतर मी तुला अहोजाहो करायचे, आमच्या घरचं वळण तसं. एक दिवस तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "ए बाय, तलाठ्याशी बोलल्यावानी काय बोलती माझ्याशी? मी काय सात-बारा देनार हाय का?" त्या दिवसापासून 'अहो'ची 'तू' झालीस ती झालीस.

दहावा प्रवरेच्या काठी झाला. कावळा पिंड ठेवल्याबरोबर शिवला. लोकांना नवल वाटलं, एवढ्या लवकर शिवत नाही म्हणे. मला नाही वाटलं. जेवायला बोलावल्यावर तू कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस.

नवल वेगळंच झालं. सगळे डोळे पुसत उभे होते आणि आमची कन्या बुटासकट नदीत निघाली. मासे बघायचे होते तिला. मी सवयीनं ओरडले, "धोंडे! माघारी ये!"

काठावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. तुझे चुलते, सखारामकाका, काठी टेकत माझ्याजवळ आले. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "सूनबाई, आता ते नाव तोंडात आनू नका. रागानं तर न्हाईच न्हाई. मयताला नावानं हाक मारली की ते मागं वळून पाहतं. त्याची वाट मोडती."

मी मान हलवली. तिथं दुसरं काय करणार? पण घरी येईपर्यंत मला कळलं की माझी पुरती पंचाईत झाली आहे. 'कणसरी' या खऱ्या नावानं पोरीवर रागवायचं नाही, ही तुला दिलेली शपथ. 'धोंडी' म्हणून रागवायचं नाही, हा काकांचा हुकूम. पाच वर्षांची पोर, अंगात सतरा माकडं, आणि तिच्यावर ओरडायला माझ्याकडे नावच शिल्लक नाही.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. म्हणजे सुरुवात माझ्यामुळे झाली, पण ताणलंस तू.

दिवस गेले तेव्हा मी एकच ठरवलं होतं, मुलीचं नाव अन्वी ठेवायचं नाही. आर्या नाही, आराध्या नाही, शिवन्या नाही. बारशाच्या पत्रिका लावून लावून मला त्या नावांचा वीट आला होता. एका दिवसात तीन अन्वी लावल्यावर माणूस काय करणार? म्हणून जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर शोधत बसायचे. तिथं एका पानावर 'आदिवासी मूळ असलेली मुलींची नावं' असं मिळालं. त्यात होतं, कणसरी. अर्थ दिला होता, 'सोनेरी धान्याची राजकन्या'. मी म्हटलं, अरे, हे तर आपल्याच घरचं! तुझा भाऊ महादेव कोळी जमातीचा, अकोले तालुक्याच्या डोंगरातला, आणि मी नाव शोधत फिरतेय जगभर. एमआयडीसीतून तो घरी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आक्काला विचार." तुझा भाऊ कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर देतो.

माझ्या आईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, आपल्याकडे कणसं भाजून खातात. पोरींची नावं असतात का तसली?"

तिचं मी मनावर घेतलं नाही. मला वाटलं, तू तरी खूश होशील. फोन लावला. तू नाव दोनदा वदवून घेतलंस. मग म्हणालीस, "कनसरी? कुनाचं नाव?"

"आपल्या बाळाचं. मुलगी झाली तर."

"तुला कुनी सांगितलं हे नाव?"

"मोबाईलवर आहे. सोनेरी धान्याची राजकन्या, असा अर्थ आहे."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "राजकन्या कशाची गं! ती आमच्या घरात मडक्यात ऱ्हाती. तिला धड लुगडं न्हाई." आणि हसणं थांबल्यावर एकदम कोरड्या आवाजात, "ते नाव मानसाला ठेवीत न्हाईत. परी ठेव. टीव्हीवरच्या मालिकेत हाय एक परी, लई गोड हाय."

परी! मी डोंगरातलं नाव शोधून काढावं आणि डोंगरातल्या बाईनं मला परी सुचवावी. मी फोन ठेवला तो रागानंच.

तेव्हापासून बाळ होईपर्यंत आपण भांडलो. तू फोन करायचीस, तब्येत विचारायचीस, लोहाच्या गोळ्या घेतल्यास का विचारायचीस, आणि मग, "ते नाव डोक्यातून गेलं का?" मी म्हणायचे, "नाही गेलं." "बरं," म्हणून ठेवून द्यायचीस. एकदा मी तुला पटवायला गेले, की अगं, कणीस या शब्दावरून कणसरी आलं असेल, किती साधं आणि छान आहे. तू म्हणालीस, "उलटं हाय. ती आदी हुती, कनीस मागून आलं. तुमी शिकलेली मानसं आईचं नाव लेकीवरून ठेवता." मी म्हटलं, "ठेवतातच की! मूल झाल्यावर बघ, मला सगळी कॉलनी अमकीची आई म्हणूनच ओळखेल."  तू खोकलीस आणि म्हणालीस, रेंज जातीय. कणीस आधी की कणसरी, तो वाद आपला मिटायचा राहिलाच.

तुझं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तुझ्या खळ्यावर जे झालं ते मी विसरले नव्हते. नागलीची, म्हणजे आमच्याकडच्या नाचणीची, रास पडली होती. मी नगरहून आलेली नवी सून, चपला घालून तरातरा खळ्यात शिरले, फोटो काढायला. तू ओरडली नाहीस. झोडायची काठी खाली ठेवलीस, माझ्याजवळ आलीस, दंडाला धरलंस आणि गाठोडं उचलावं तशी मला खळ्याच्या बाहेर नेऊन ठेवलंस. बाहेर पाऊल पडलं मात्र, तोंडाचा पट्टा सुटला! माझ्या सात पिढ्या, माझ्या चपला, मला चपला घेऊन देणारा तुझा भाऊ, कुणाला म्हणून सोडलं नाहीस. मग श्वास घेतलास, चेहरा पुसलास आणि पुन्हा आत जाऊन गरीब गाईसारखी धान्य मापायला बसलीस. पहिल्या मापाला 'एक' नाही, 'लाभ' म्हणालीस.

भाकरी खाताना तू कारण सांगितलंस. तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या भाषेत त्याची चव जाते. "लई वर्सांखाली कनसरी, धान्याची देवी, एका घरात ऱ्हायची. घरधन्याला माज आला. म्हनला, रोज नागली, रोज नागली! आन टोपलीला लाथ मारली. शिवी दिली. ती उठली. काय बोलली न्हाई. डोंगरात निघून गेली. मग पोरं उपाशी, गुरं उपाशी. आख्खा गाव डोंगर चढून गेला, पाया पडला, वाजतगाजत तिला माघारी आनली. तवापासून खळ्यात कोन तोंड वाईट करत न्हाई. ती बसलेली असती तिथं. ऐकती."

म्हणून तुला ते नाव नको होतं. पोर म्हटली की दिवसातून दहादा मर मेली, जळ्ळं तुझं तोंड हे होणारच. त्या नावानं ते व्हायला नको, घरातून अन्न उठून जाईल, एवढं साधं तुझं म्हणणं होतं. पण मला तीच गोष्ट उलटी भावली होती. सातव्या महिन्यात तू आलीस तेव्हा मी म्हटलं, "आक्का, मला म्हणूनच ठेवायचंय हे नाव. आपली पोरही अशीच निघू दे. कुणी लाथ मारली, शिवी दिली, की उठून चालती व्हावी. रडत बसू नये."

तू लसूण सोलत होतीस. मान वर केली नाहीस. म्हणालीस, "ती देव हाय. तिला आनायला गाव डोंगर चढला. पोरीला आनायला कोन जातंय?"

मला वाटलं, वादात बोलतात तसं बोललीस. मी काहीतरी पुस्तकी उत्तरही दिलं. तू राजूरला परत गेल्यावर तुझ्या भावानं मला सांगितलं, प्रथमच, की तुझंही लग्न झालं होतं. संगमनेरच्या खालच्या अंगाला दिली होती तुला. तो माणूस मारायचा. एक दिवस तू उठलीस आणि नेसत्या लुगड्यानिशी चालत निघालीस. ना नवऱ्यानं थांबवलं, ना सासूनं, ना वेशीवरच्या कुणी. माहेरी आलीस आणि पुढं कितीतरी दिवस खालच्या रस्त्यावर गाडी वाजली की कामातून उठून पडवीत येऊन उभी राहायचीस. न्यायला आले तर तू गेली असतीस का, हे तुझ्या भावाला माहीत नाही. मलाही नाही. पण कुणी आलंच नाही.

हे तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आपण दोघी पोरीच्या नावावर भांडत राहिलो. ते भांडण आपल्याला झेपण्यासारखं होतं.

मग मुलगी झाली आणि बारसं आलं. आमच्या सावेडीच्या घरात माणसं मावेनात. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या, माझ्या आईनं ठेवणीतला पाळणा म्हणायला घसा साफ केला. तू आत्या, म्हणजे कानात कुर्र करायचा मान तुझा. जांभळं नायलॉनचं पातळ नेसून तू पाळण्याजवळ गेलीस, तुझ्या पाठीत धपाटे घालायला बायका हात सरसावून उभ्या राहिल्या, आणि तू मागं वळून मला म्हणालीस, "आदी शपथ घे."

"कसली?"

"या नावानं रागवायचं न्हाई. शिवी द्यायची न्हाई. मर म्हनायचं न्हाई. कदीच."

माझी आई मध्ये पडली. "अहो धोंडाबाई, मुलाला रागवायचं नाही तर वाढवायचं कसं? देव्हाऱ्यात ठेवायचं का?"

आईचं बरोबर होतं. तुझंही बरोबर होतं. घुगऱ्या गार होत होत्या. तुझा भाऊ म्हणाला, "आक्का, उरक ना." तू त्याच्याकडे असं पाहिलंस की तो पाणी आणायला निघून गेला. पाळण्यातली बया ओठ हलवत झोपली होती, तिला काय त्याचं.

तू कमरेवर हात ठेवून विचार केलास. मग म्हणालीस, "रागवायला दुसरं नाव लागंल."

सगळ्यांना एकदम जोर आला. कुणी म्हणालं चिमी, कुणी ठमी, कुणी बाळी. आईनं तर शेजारच्या एका बाईंचं नाव सुचवलं, तिचं आणि त्यांचं पाण्यावरून वाजलेलं होतं. तू हात वर करून सगळ्यांना गप्प केलंस.

"कुना लेकीबाळीचं नाव कशाला खराब करता? माझं घ्या. धोंडी. माझ्या आदीची दोन गेली हुती. हिला तरी कुनी नेऊ नये, दगडाला कोन नेतंय, म्हनून आईनं ठेवलं. आईनं या नावाला शिव्या घातल्या, मास्तरनं घातल्या, नवऱ्यानं घातल्या. त्याला सवय हाय. पोरीला एकबी लागायची न्हाई."

 मला काही बोलायचं होतं, पण बाळंतिणीनं रडू नये म्हणतात, म्हणून मी पाळण्याची दोरी धरून नुसती शपथ घेतली. तू वाकलीस. उजव्या कानात एक नाव सांगितलंस, डाव्या कानात दुसरं. मग बायकांनी तुझ्या पाठीत असे धपाटे घातले की तू खाली बसलीस. सगळ्यात जोरात माझ्या आईनं घातला. नंतर तिनंच तुला पहिली वाटी घुगऱ्या दिली आणि दोघी टीव्हीवरच्या त्या परीबद्दल बोलत बसल्या.

शपथ मी पाळली, आक्का. आजवर पाळली. जेवायला बोलवायचं, कुशीत घ्यायचं, केस विंचरायचे तर कणसरी. भिंतीवर रंगकाम, दुधाचा पेला लवंडणं, आजीच्या चष्म्याची काडी मोडणं, तेव्हा धोंडी. तू आलेली असलीस की जास्तच मजा. मी आतून ओरडायचे, "धोंडे, काय केलंस हे!" आणि तू बाहेरून म्हणायचीस, "म्या काय केलं आता?" पोर हसून हसून लोळायची. तू मुद्दाम करायचीस हे मला ठाऊक होतं. पोर बोलण्यातून वाचायची आणि बोलणी तू खायचीस.

शाळेत बाईंनी मुलांना नावाचा अर्थ विचारला होता. कुणी म्हणालं पार्वती, कुणी म्हणालं पृथ्वी, जे आईबापांनी पाठ करून घेतलेलं. आमच्या बाईसाहेब उठून म्हणाल्या, "घरात धान्य असतं ना, ती मी. आणि खोड्या केल्या की मी आत्या." बाईंनी मला बोलावून विचारलं, हे काय आहे? मी तुला फोनवर सांगितलं तर तू हसशील असं वाटलं होतं. तू फक्त "व्हय?" म्हणालीस. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालीस, "असं म्हनली?" आणि पुढच्या खेपेला तिला चांदीचे पैंजण घेऊन आलीस.

दगडाला कोण नेतंय म्हणायचीस. नेलंच की. मला तुझा या बाबतीत अजून राग आहे. छातीत दुखतंय म्हणून दोन दिवस कुणाला सांगितलं नाहीस, ओवा खाऊन बसलीस. या गोष्टीवर मी तुझ्याशी असं भांडले असते की तू रेंज गेली म्हणूनही सुटली नसतीस. तेवढीही संधी दिली नाहीस.

असो. तर दहाव्यानंतरचं सांगते.

काकांचं ऐकायचं ठरवलं आम्ही. तुझ्या भावानंच सांगितलं, ते नाव नको. त्याचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. घर एकदम सभ्य झालं. पोरीनं डाळीत पाणी ओतलं, मी म्हटलं, असं करू नये हं बाळा. तिनं उशी फाडून कापूस उडवला, तुझा भाऊ म्हणाला, असं करतात का राणी? ती आमच्याकडे बघत राहायची, काहीतरी यायचं राहिलंय अशी. मग त्याहून मोठी खोडी करायची. आईचा फोन तिनं बादलीत टाकला. आई, माझी आई, म्हणाली, "असू दे, लहान आहे." मला वाटलं आता हे घर बिघडलं.

मागच्या शनिवारी शाळा लवकर सुटली, म्हणून तिला प्रेसमध्ये घेऊन आले. माझ्या टेबलाखाली कागदाच्या कात्रणांत खेळत होती. प्रेसच्या टोकाला कटिंग मशीन आहे. तू एकदा बघून म्हणाली होतीस, "हे तर बोकड कापायचं." त्यावर एका लग्नाच्या पत्रिका लागल्या होत्या, लाल-सोनेरी. कापणारा माणूस गठ्ठा आणायला वळला आणि ही केव्हा उठून तिथं गेली कुणालाच कळलं नाही. पात्याखाली सोनेरी पट्ट्या पडल्या होत्या. हात निघाला त्यांच्याकडे.

मालकांनी पाहिलं. म्हणाले, "कणसरी, बाळा, नको तिकडं." तिनं बघितलंही नाही. मी उठले, म्हटलं, "कणसरी." हात पुढंच. आणि मला कळलं, ती थांबणार नाही. कशी थांबेल? त्या नावाला थांबायला आम्ही तिला शिकवलंच नव्हतं. त्या नावाला तिनं फक्त जवळ यायचं, जेवायचं, झोपायचं, एवढंच होतं. मला मशीनपर्यंत पोचायला उशीर होणार होता.

"धोंडे!"

प्रेसमध्ये सगळ्यांचे हात थांबले. रस्त्यावरचा रसवंतीवालाही आत डोकावला. तिचा हात मागं आला. वळली, कमरेवर हात ठेवला, आणि तुझ्या आवाजात, आक्का, अगदी तुझ्या त्या त्रासलेल्या आवाजात म्हणाली, "व्हय, व्हय, आले!"

मी तिला उचललं.  एक धपाटा घातला, मग पापे घेतले, मग पुन्हा धपाटा. ती रडली नाही. माझ्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "आई, मला वाटलं ते नाव आत्या घेऊन गेली."

तिथं मात्र मी रडले. मालकांसमोर, कापणाऱ्यासमोर, पत्रिका न्यायला आलेल्या मुलीच्या बापासमोर. दहाव्याला आलं नव्हतं ते सगळं रडू तिथं आलं. मालकांनी पुन्हा चहा मागवला, त्यांना दुसरं काही सुचत नाही.

संध्याकाळी मी काकांना फोन लावला. जे झालं ते सांगितलं आणि म्हटलं, "काका, माफ करा, पण ते नाव घरात राहणार. रागानंच राहणार." तुझा भाऊ शेजारी बसला होता. या वेळी 'आक्काला विचार' म्हणायची सोय नव्हती. त्यानं मान हलवली, हो अशी.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाई, मी सांगायचं काम केलं. ती मागं वळंल बघा."

काकांना मी खोटं म्हणत नाही. वळतही असशील. संगमनेरहून निघालीस तेव्हा मागून कुणी हाक मारली नव्हती. आता आम्ही मारतोय, दिवसातून दहादा, गळा फाडून, नावानं. वळायचं की नाही, ते तू बघ.